गाळप सुरू व्हायच्या आधी विद्यापीठाला बरोबर घ्यावं का?

ईटीपी_मास्तर
नमस्कार मंडळी. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात सांडपाण्याचा प्लांट माझ्याकडं आहे. कारखाना कुठला ते विचारू नका, अजून नोकरी करायची आहे.

वरून फर्मान आलंय, यंदा पाण्याच्या कामात एखाद्या विद्यापीठाला किंवा इंजिनिअरिंग कॉलेजला बरोबर घ्या. कुणाला घ्यायचं आणि काय करायचं ते मी लिहून द्यायचं. माझी अडचण अशी. गाळप नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतं, मार्च-एप्रिलला आटोपतं. मधले सहा-सात महिने एरेशन टँकमधल्या, म्हणजे हवा सोडायच्या टाकीतल्या, घाण खाणाऱ्या जीवाणूंना खायला काही नसतं. सीझनच्या तोंडावर शेणकाला, युरिया, डीएपी घालून त्यांना पुन्हा उभं करायचं, आणि त्यांनी जीव धरेपर्यंत मिल पूर्ण क्षमतेनं चालू झालेली असते. त्या पहिल्या काही आठवड्यांत टाकीचा सीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप) आणि माझा बीपी बरोबरच चढतो. त्यात २०१६ च्या अधिसूचनेनं प्रक्रिया करून सोडायचं पाणी टन उसामागं १०० लिटरच्या आत ठेवायचं बंधन.

असल्या कामात संशोधकाचा खरोखर उपयोग होतो का? कुणी केलंय का असं? पैसे, करार, पोरांची ने-आण, सगळं सांगा. नुसता एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, करायचा नाही, एवढं माझं ठरलंय.

पांढरा_रस्सा
एमओयू नाही म्हणजे शाल, नारळ, फोटो काहीच नाही? मग संचालक मंडळ येणार कशाला?

तात्या_बावडेकर
@पांढरा_रस्सा, पुढच्या वर्षी त्याच एमओयूचं नूतनीकरण असतं भावा. फोटो तोच, शाल तेवढी बदलते.

प्रयोगशाळेतली
मी दुसऱ्या बाजूची. सांडपाण्यावरच पीएच.डी. चालू आहे, विद्यापीठ सांगत नाही. मास्तर, तुम्ही अडचण नीट मांडलीत, तिथंच अर्धं काम झालं. आमच्याकडं कारखान्यातून येणारी मागणी बहुतेक वेळा अशी असते: "मॅडम, एक रिपोर्ट पायजे, प्रदूषण बोर्डाला दाखवायला." त्यात संशोधन कुठं आलं?

आता आमचंही सांगते. लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटरमध्ये ग्लुकोज आणि चार क्षार घालून आम्ही 'सांडपाणी' तयार करतो. त्याच्यावर जीवाणू झकास चालतात, आलेख सुंदर येतो, पेपर छापून येतो. मग खरं पाणी आणायला जावं, तर गेटवर सिक्युरिटी अडवते, एमडींच्या सहीचं पत्र मागते. एका ठिकाणाहून मला नमुना आला तो कोल्ड्रिंकच्या बाटलीत, एसटीच्या पार्सलनं, दोन दिवसांनी. नमुना बर्फात ४ अंशांवर ठेवून आणायचा असतो. ती बाटली उघडली तेव्हा झाकण उडून छताला लागलं. त्याचा बीओडी (जीवाणूंना घाण खायला लागणारा ऑक्सिजन) काढून मी कुणाला काय सांगणार?

आणि दोन्हीकडचं कॅलेंडर जुळत नाही. आमचा प्रस्ताव मंजूर होऊन पैसे येईपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. तुमचा पट्टा पडायला, म्हणजे गाळप संपायला, आलेला असतो.

जिगर_ऑपरेटर
इचलकरंजीतनं लिहितोय. कापड रंगवायच्या प्रोसेस हाऊसला वीस वर्षं काढली. ह्या ताई बोलतात ते खरं हाय, पण आमची बाजू ऐका. पोरं येत्यात सोमवारी सकाळी अकराला. त्या टायमाला ब्लीचिंगचं पाणी असतंय, पांढरं आणि अल्कली. नमुना घेऊन जात्यात. रात्री दोनला जिगरवर, म्हणजे रंगवायच्या मशीनवर, काळा किंवा मरून लागला की नाल्याला काय जातंय ते बघायला कोण नसतंय. सायझिंगची, म्हणजे सुताला लावलेली, खळ येती ती वेगळीच. एका बाटलीवर तुम्ही शिफ्टचं पाणी कसं ओळखणार?

आमच्याकडं एकांनी रंग खाणारे जीवाणू आणले होते. फ्लास्कमधी पाणी नितळ झालं, टाळ्या वाजल्या. मी विचारलं, मिठाचं काय? रिअॅक्टिव्ह रंगाला ग्लॉबर सॉल्ट पोत्यानं घालतोय आम्ही, त्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, कोण खाणार? सर गप्प.

प्रयोगशाळेतली
@जिगर_ऑपरेटर, बरोबर. मीठ जीवाणू खात नाहीत, त्याला मेंब्रेन (बारीक गाळणारा पडदा) किंवा बाष्पीभवन लागतं, आणि ते महाग पडतं. शिवाय पाणी नितळ दिसलं म्हणजे काम झालं असंही नाही. अॅझो गटातले रंग तुटल्यावर अॅरोमॅटिक अमाइन्स ही रसायनं उरू शकतात, त्यांतले काही रंगापेक्षा घातक. पण हे फ्लास्कमध्येच कळतं, म्हणून फ्लास्कला एवढं हसू नका.

जिगर_ऑपरेटर
हसत नाही ताई. रात्री दोनला या म्हणतोय फकस्त. चहा आमचा.

दूधसंघवाला
मास्तर, तुम्हाला उपयोगी पडेल असा अनुभव सांगतो. आमचा दुधाचा प्लांट. एका उन्हाळ्यात गाळ बसेनाच. तुम्हाला माहीत आहे, एक लिटरच्या सिलिंडरमध्ये टाकीचं पाणी भरायचं, ३० मिनिटं ठेवायचं, गाळ किती मिलीवर बसला ते वाचायचं. आमचा सिलिंडर अर्ध्या तासानंही वरपर्यंत पिसल्या कापसासारखा भरलेला. व्हेंडर म्हणाला गाळ बसवायचं पॉलिमर वाढवा. वाढवलं. बिल तेवढं वाढलं.

तेव्हा एका कॉलेजची एम.टेक.ची मुलगी प्रोजेक्टला आली होती. आम्ही तिला मनावर घेतलं नव्हतं, कोपऱ्यातलं एक टेबल दिलं होतं. तिनं सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवून आमच्या ऑपरेटरला बोलावलं. तंतूसारखे लांब जीवाणू, एकमेकांत गुंतलेले. ती म्हणाली, हे बऱ्याचदा ऑक्सिजन कमी पडला की माजतात. ऑपरेटर म्हणाला, छे, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) रोज दोन असतो. वही काढून दाखवली. मग ती मीटर घेऊन टाकीच्या चारही कोपऱ्यांना फिरली. आमचा माणूस वर्षानुवर्षं जिन्याजवळच्या एकाच जागी प्रोब सोडत होता. लांबच्या कोपऱ्यात डीओ जवळजवळ शून्य. तिथले हवा सोडणारे डिफ्यूझर चोंदले होते.

डिफ्यूझर बदलले, गाळ बसायला लागला. यात कुठलंही नवीन तंत्रज्ञान नाही, पेटंट नाही. तिला विचारायला लाज नव्हती आणि तिच्याकडं वेळ होता. आमच्या ऑपरेटरकडं दोन्ही नव्हतं, कारण तो बॉयलरचंही बघतो.

रंकाळ्याकाठी
कोपऱ्यातल्या टेबलाचा खर्च किती झाला ते सांगा, संचालक मंडळाला पटेल.

दूधसंघवाला
टेबल जुनंच होतं. ताक रोज लागायचं.

शिरोळकर
सगळं छान चाललंय तुमचं. मी पंचगंगेच्या खालच्या अंगाला राहतो. तेरवाड बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच पडतो, तेव्हा यातलं कुणी काठावर दिसत नाही. आपल्या प्रयाग चिखलीला संगम होऊन पंचगंगा निघते, नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. वाटेत शहराचं मैलापाणी, कारखाने, प्रोसेसवाले, सगळ्यांचं घेऊन ती आमच्याकडं येते. उन्हाळ्यात केंदाळानं पाणी दिसत नाही. २०१२ ला इचलकरंजीत काविळीनं माणसं गेली, विसरलात?

माझा प्रश्न साधा आहे. कारखान्यानं पैसे दिले आणि संशोधकाला वाईट आकडे सापडले, तर ते आकडे बाहेर येतात का?

तात्या_बावडेकर
आता बोला.

प्रयोगशाळेतली
@शिरोळकर, कराराच्या कागदात नसेल तर येत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एकाचा प्रबंध अडकला होता, कारण कंपनीनं 'गोपनीय' म्हणून आकडे वापरू दिले नाहीत. म्हणून आता आमचे गाइड सुरुवातीलाच दोन ओळी घालतात: कंपनीचं नाव न देता निष्कर्ष छापता येतील, आणि कंपनीला मसुदा वाचायला ठरावीक मुदत मिळेल, नकाराधिकार नाही. यावर सही करायला जो तयार नसतो, त्याला रिपोर्टच हवा असतो असं समजायचं.

शिरोळकर
नाव न देता छापलं तर आम्हाला काय उपयोग? कुणाचं पाणी ते कळायला नको?

मळीवाला
शिरोळकर, नाव घालायचं म्हटलं तर एकही कारखाना दार उघडणार नाही. पकडायचं काम बोर्डाचं, ते संशोधकाच्या गळ्यात घालू नका. तसं बघितलं तर साखर आणि डिस्टिलरी हे दोन्ही जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारांत येतात, आणि २०१४ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं त्यांना ऑनलाइन मीटर बसवायला लावलेत. आकडे सर्व्हरला जातात.

मास्तर, तुमच्यासाठी मुद्दा हाच. तुमच्या मीटरचा गेल्या सीझनचा डेटा कुणी उघडून बघितलाय का? आधी तो द्या एखाद्या विद्यार्थ्याला. सुरुवातीच्या दिवसांत लोड नेमका कधी उसळतो, मिल धुतल्यावर की रस आटवायच्या इव्हॅपोरेटरला कॉस्टिक मारल्यावर, ते त्यातनं दिसेल. दिसलं नाही, तर मीटरचं कॅलिब्रेशन बोगस आहे, हेही कळेल.

आणखी एक. उसातच साधारण ७० टक्के पाणी असतं. एक टन ऊस म्हणजे सातशे लिटरच्या आसपास पाणी तुम्ही गाडीतनं आत आणताय. कंडेन्सेट, म्हणजे रस आटवताना निघालेल्या वाफेचं पाणी, नीट थंड करून, पॉलिश (शेवटचं शुद्ध) करून वापरलं तर बाहेरून पाणी घ्यायचंच काम पडू नये. त्या पॉलिशिंगवर एखादं कॉलेज बसवा. शेणकाल्यापेक्षा त्यात पैसा वाचेल.

जुना_पाणीपुरवठा
महापालिकेतून निवृत्त झालो, म्हणून शहराच्या बाजूनं दोन शब्द.

तुम्ही सगळे ज्याला एएसपी (अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज प्रोसेस) म्हणता, ती हवा देऊन गाळ जोपासायची पद्धत आली कुठून? इंग्लंडात मँचेस्टर पालिकेच्या सांडपाणी केंद्रातून. आर्डर्न आणि लॉकेट हे पालिकेचे नोकर, आणि फाउलर हे पालिकेचे सल्लागार नि विद्यापीठातही शिकवणारे. फाउलर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला एक प्रयोग बघून आले आणि त्यांनी या दोघांना करून बघायला सांगितलं. दोघांनी बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळला, म्हणजे उजेडानं शेवाळ धरायला नको, आणि आत हवा सोडत राहिले. युक्ती अशी की प्रत्येक वेळी वरचं नितळ पाणी ओतून द्यायचं, पण खाली बसलेला गाळ टाकायचा नाही, तोच पुढच्या पाण्याला वापरायचा. पहिल्या खेपेला आठवडे लागले, पुढं तासांवर आलं. १९१४ ला त्यांनी ते जाहीर केलं. आणि फाउलर १९१६ ला कुठं आले? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत.

आपल्या कसबा बावड्याच्या ७६ एमएलडी (रोज ७६ दशलक्ष लिटर) सांडपाणी केंद्रात आज तेच तत्त्व चालतं. मास्तर तुमच्या टाकीतही. प्रयोग प्लांटवर झाला, प्लांटच्या नोकरांनी केला, विद्यापीठाच्या माणसानं दिशा दिली. उलटं केलं की फसतं.

पांढरा_रस्सा
आजोबा, थेट पाईपलाईनचं पाणी आलं तरी आमच्या गल्लीत दिवसाआड का, तेवढं सांगा की.

जुना_पाणीपुरवठा
काळम्मावाडी धरणाचं पाणी शहरापर्यंत २०२३ च्या दिवाळीला आलं. तुमच्या गल्लीतली वितरण नलिका त्याच्या कितीतरी आधीची. पुढचं तुम्ही समजून घ्या.

पांढरा_रस्सा
म्हणजे पाव ताजा, रस्सा कालचा.

तात्या_बावडेकर
धागा मिसळीवर गेला की तो परत येत नाही, मी सांगून ठेवतो.

वैशाली_परदेशी
तात्या, मी आणते परत. माहेर राजारामपुरी, सध्या नेदरलँड्समध्ये.

मास्तरांच्या प्रश्नाला इथलं एक उदाहरण अगदी लागू पडतं, कारण तेही साखर कारखान्याचंच. १९७० च्या दशकात वाखेनिंगेन विद्यापीठातल्या लेटिंगा यांनी यूएएसबी रिअॅक्टर तयार केला. खालून पाणी सोडायचं, गाळाच्या थरातून ते वर येतं, हवेची गरज नाही, उलट गॅस मिळतो. हे लॅबमध्ये जमल्यावर ते गेले सीएसएम या बीट साखरेच्या कंपनीकडं. कारखान्यातच आधी ६ घनमीटरचा, मग २०० घनमीटरचा रिअॅक्टर चालवला. बीटचं गाळपही काही महिन्यांचंच असतं. तिथं दिसलं की दाणेदार झालेला गाळ उपाशी राहूनही बरेच महिने टिकतो आणि खायला मिळालं की लगेच कामाला लागतो. मास्तर, तुमचा प्रश्न हाच ना?

लेटिंगांनी त्याचं पेटंट घेतलं नाही, मुद्दाम. कुणीही वापरावं म्हणून. २००९ ला त्यांना सिंगापूरचा ली कुआन यू जल पुरस्कार मिळाला. कंपनीला स्वस्तात प्लांट मिळाला, विद्यापीठाला खरं पाणी मिळालं.

मळीवाला
वैशालीताई, गोष्ट चांगली आहे, पण इकडचा पुढचा भागही सांगा. डच मदतीनं कानपूरला जाजमऊत १९८९ ला ५ एमएलडीचा यूएएसबी झाला, नंतर यमुनेकाठी त्याची रांग लागली. पण शहरी मैलापाणी पातळ, यूएएसबी निम्म्याहून थोडं जास्त काम करतो आणि पुढं पॉलिशिंगचं तळं लागतंच. ते तळं नीट चाललं नाही की बीओडी ३० च्या खाली येत नाही. तिकडचं दाट, कोमट सांडपाणी आणि इकडचं नाल्याचं पाणी एक नव्हे.

वैशाली_परदेशी
मान्य. म्हणून तर म्हणते, मैलापाण्यावर नको, मास्तरांच्या पाण्यावर करून बघा. साखरेचं सांडपाणी दाट आहे, कोमट आहे. डिस्टिलरीवाल्यांना मिथेनचं तंत्र आपल्याकडंही चांगलं जमलंय की.

जिगर_ऑपरेटर
पेटंट घेतलं नाही म्हणजे मोठा माणूस. आमच्याकडं शेजारच्या युनिटला फॉर्म्युला सांगत नाहीत.

सीए_मॅडम
पैशांचं कुणी बोललंच नाही. थोडक्यात सांगते. कन्सल्टन्सी म्हणून दिलं तर विद्यापीठाच्या खात्यावर जाईल, संस्थेचा वाटा कापला जाईल, जीएसटी लागेल. प्राध्यापकाच्या वैयक्तिक खात्यावर द्यायचं नाही, कितीही ओळखीचे असले तरी. कारखाना कंपनी कायद्याखाली असेल आणि सीएसआरच्या (कंपनीची सामाजिक जबाबदारी) निकषात बसत असेल, तर २०१९ च्या बदलानंतर सार्वजनिक विद्यापीठांच्या संशोधनाला दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरता येतो. पण स्वतःच्याच प्लांटची दुरुस्ती त्यात घालायला जाऊ नका, ती सीएसआर नव्हे. सहकारी कारखाना असेल तर हा नियमच लागू नाही, तिथं सरळ संचालक मंडळाचा ठराव.

रंकाळ्याकाठी
'उन्नत महाराष्ट्र अभियान'ही बघा. आयआयटी मुंबईच्या पुढाकारानं २०१६ ला शासनानं काढलंय, जिल्ह्यातल्या प्रश्नांवर स्थानिक कॉलेजनी काम करायचं म्हणून. कारखान्याला थेट लागू नसेल, पण मळीवाल्यांनी म्हटलं तसं कंडेन्सेट वाचलं तर गावाच्या पाण्याशी ते जोडता येईल.

शिरोळकर
मी अजून तिथंच आहे. मास्तर, करारात प्रयोगशाळेतली म्हणतात तशा ओळी घाला. शिवाय वर्षाला एकदा त्या प्राध्यापकांनी खालच्या गावांपैकी एका ग्रामसभेत येऊन निष्कर्ष सांगायचे, मराठीत. नाव सांगू नका, पाणी सुधारलं की बिघडलं एवढं सांगा. एवढं घातलंत तर मी स्वतः गावात बोलतो की हा कारखाना प्रयत्न करतोय.

ईटीपी_मास्तर
मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. उद्या एमडींना द्यायचं टिपण केलंय. तुमच्यापुढं ठेवतो, चिरफाड करा.

विषय एकच ठेवला: पहिल्या आठवड्यांत गाळ कसा टिकवायचा. कंडेन्सेट पुढच्या वर्षी, मळीवाले, रागावू नका. ऑगस्टमध्ये गेल्या दोन सीझनचा ऑनलाइन डेटा आणि आमच्या वह्या एका विद्यार्थ्याला देणार. यंदाचा सीझन संपत आला की बसलेल्या गाळातला काही वेगळ्या टाकीत ठेवून त्याला अधूनमधून थोडी मळी पाजायची, आणि दुसऱ्या टाकीत नेहमीप्रमाणं शेणापासून सुरुवात. कोणता आधी जीव धरतो ते मोजायचं. वैशालीताईंच्या दाणेदार गाळाची चाचणी एका छोट्या ड्रमवर. आकडे नाव न घालता छापायला परवानगी, मसुदा वाचायला आम्हाला तीस दिवस. ग्रामसभेची अट एमडींना रुचेल असं वाटत नाही, पण मी टिपणात ठेवलीय, काढायची तर त्यांनी काढावी. पैसे विद्यापीठाच्या खात्यावर, ठराव करून.

आणि विद्यार्थी नोव्हेंबरपासून प्लांटवर राहील, तिन्ही शिफ्ट बघेल. जिगर_ऑपरेटरांचं म्हणणं पटलं.

मळीवाला
रागावलो नाही. फक्त टाकी नंबर दोनला आरओचं रिजेक्ट, म्हणजे गाळून उरलेलं खारं पाणी, सोडू नका म्हणावं, सगळा प्रयोग मिठात जाईल.

प्रयोगशाळेतली
टिपण चांगलं आहे. एक विचारते, कारण आमच्या विभागात मुलीच जास्त आहेत. "तिन्ही शिफ्ट" असं लिहिलंत, पण मुलगी आली तर रात्री ती कुठं थांबणार, तिच्याबरोबर कोण असणार? हे लिहिलं नसेल तर गाइड परवानगी देणार नाहीत, आणि मग पुन्हा सोमवारी सकाळी अकराचाच नमुना.

ईटीपी_मास्तर
हे डोक्यात नव्हतं. कारखान्याचं गेस्ट हाऊस गेटच्या आत आहे, तिथं दोन खोल्या मागतो. लॅबमध्ये आमच्या केमिस्ट बाई आहेत, त्यांची रात्रपाळी त्याच आठवड्यांत लावून घेता येईल का ते उद्या विचारतो. दोन मुली एकत्र आल्या तरी चालेल, टिपणात "एक विद्यार्थी" खोडून "दोन" करतोय.

जिगर_ऑपरेटर
दोन केलं ते बेस. एकीनं नमुना घ्यायचा, दुसरीनं बर्फ धरायचा.